आंदोलनाचा खर्च बाईच्याच पदरातून का?

गोव्यात एखाद्या गावानं खाण, बंदर, हॉटेल किंवा मोठ्या सरकारी प्रकल्पाविरुद्ध तोंड उघडलं की आठवडाभरात एक प्रश्न येतोच : यांना पैसे कोण पुरवतं? टीव्हीवरचा प्रवक्ता विचारतो, ग्रामसभेतला विरोधक विचारतो, शेजारीपाजारीही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा संशय पेरायचा असतो. तरीही या प्रश्नाला बगल देऊ नये, असं मला वाटतं. त्याचं खरं उत्तर देण्यासारखं आहे आणि ते कुणी मोठ्यानं देत नाही. पैसे पुरवतात त्या गावातल्या बायका. त्या रोख देत नाहीत, आपले दिवस देतात.

याचा हिशेब अवघड नाही. 2024-25 साली गोव्यात रोजगार हमीचा दर दिवसाला 356 रुपये होता. एखाद्या गावातल्या पन्नास बायका महिनाभर रोज रस्त्यावर येऊन बसल्या, असं धरू. या सरकारी दरानं त्यांच्या बुडालेल्या मजुरीची रक्कम 5 लाख 34 हजार रुपये होते. काजूच्या हंगामात बोंडू वेचायचे राहिले, वायंगणाच्या शेताला पाणी लावायचं राहिलं, बाजाराला न्यायची भाजी वेलावरच जून झाली, ते यात धरलेलं नाही. घरी परतल्यावर रात्री अकराला चूल पेटवणं आणि सासूचं औषधपाणी करणं, तेही नाही. एखाद्या उद्योगपतीनं एवढी रक्कम दिली असती तर त्याचं नाव फलकावर कोरलं असतं. बाईनं दिली तेव्हा तिला देणगी म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

6 जानेवारी 2021 रोजी सत्तरीतल्या शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेची आखणी करायला पोलिसांचा मोठा ताफा आला, तेव्हा वाटेत आडव्या पडलेल्या बायकाच होत्या. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला, गावकऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. 15 जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प मेळावलीतून हलवत असल्याचं जाहीर केलं. समोर सरकार होतं, कंपनी नव्हती, हे मला माहीत आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर आपल्या नावाची नाही म्हणून सत्तरीतल्या बाईला जी धास्ती असते, ती समोरचा कोण आहे हे पाहून कमीजास्त होत नाही. त्याच तालुक्यात सोनशीत एप्रिल 2017 मध्ये खनिजाच्या ट्रकांची धूळ आणि पाण्याचे हाल असह्य होऊन लोकांनी रस्ता अडवला. 45 गावकऱ्यांना अटक झाली, त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. आया तुरुंगात आणि पोरं घरी, अशी स्थिती त्या छोट्याशा गावानं काढली. त्याआधी 1995 च्या जानेवारीत फोंडा तालुक्यातल्या केरीच्या पठारावर थापर-ड्यूपाँटच्या नायलॉन 6,6 कारखान्याविरुद्धच्या लढ्यात निलेश नाईक पोलिसांच्या गोळीनं गेला. कारखाना गोव्याबाहेर गेला. केरीचा लढा आपण निलेशच्या नावानं आठवतो आणि तो तसाच आठवायला हवा. पण तो लढा महिनोन्‌महिने चालला तेव्हा घरं कुणी चालवली, हे कुठल्याही इतिहासात लिहिलेलं नाही.

या तिन्ही ठिकाणी माघार समोरच्यानं घेतली किंवा निदान त्याला थांबावं लागलं. म्हणजे या बायका हरत नाहीत. मग पैशाचा विषय कशाला, असं विचारलं जातं. माझं उत्तर असं की जिंकलेल्या लढ्याचीही वसुली बाईच्याच घरातून होते, आणि ज्या गावांना एवढी वसुली परवडली नाही त्यांची नावं आपल्याला ठाऊकसुद्धा नाहीत. ती गावं आधीच गप्प झाली.

आंदोलनाला पैसा लागतो म्हटलं की डोळ्यांसमोर मंडप, माइक आणि बॅनर येतात. हा सर्वांत किरकोळ खर्च. खरा खर्च कुठे होतो ते एकदा नीट पाहू. माहितीच्या अधिकाराखाली मिळालेल्या शेकडो पानांच्या झेरॉक्स. जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारे एक-चौदाचे उतारे, सर्व्हे प्लॅन. पणजीतल्या खात्यात जाऊन ताटकळायला सोमवारी सकाळी भाड्यानं करावी लागणारी गाडी, कारण डिचोली-सत्तरीच्या आतल्या गावातून कार्यालय उघडायच्या वेळेला पोचवणारी बस सगळीकडे नसते. पर्यावरणीय जनसुनावणीच्या आधी 30 दिवसांची नोटीस आणि स्थानिक भाषेतला सारांश द्यायचा असा 2006 च्या अधिसूचनेचा नियम आहे. पण मूळ अहवाल इंग्रजीत असतो, कित्येकशे पानांचा, आणि गावचं पाणी कुठे जाणार ते सारांशात नव्हे, त्या मूळ अहवालातल्या तक्त्यांत दडलेलं असतं. तो वाचून, मराठी-कोंकणीत समजावून सांगणारं माणूस महिन्याच्या आत कुठून आणायचं? विहिरीच्या पाण्याची तपासणी खासगी प्रयोगशाळेत करायची तर त्याचे पैसे. अटक झाली तर जामीन, जामीनदार, मग तारखा. तारीख म्हणजे बाईच्या कामाचा अख्खा दिवस. आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या खटल्यात न्यायालय नुसतं पुढची तारीख देतं तेव्हाही तो दिवस जातोच.

कंपनीला हे सगळं करताना काहीच वाटत नाही. तिच्या वकिलाची फी धंद्याच्या खर्चात बसते आणि नफ्यातून वजा होऊन करही कमी होतो. बाईच्या वकिलाची फी काजूच्या पैशातून जाते, नाहीतर सोसायटीच्या कर्जातून, नाहीतर गळ्यातल्या दोन मण्यांतून. 2008 च्या सुमारास गोव्यातल्या खाणींविरुद्ध लिहिणाऱ्या एका कार्यकर्त्यावर एका खाण कंपनीनं 500 कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला होता, आणि तोही पार कोलकात्याच्या हायकोर्टात. दाव्यात कंपनी जिंकते की हरते हा प्रश्नच नव्हता. कोलकात्याला जायचं तिकीट, राहायची सोय आणि तिथला वकील एवढ्यानंच माणूस अर्धा खचतो. तो तरी शिकलेला, लिहिता माणूस होता. अशी नोटीस गावातल्या एखाद्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईच्या दारात आली तर घरातली पुरुष मंडळी तिला दुसऱ्या दिवसापासून बैठकीला जाऊ देतील का? मला तरी शंका आहे.

आता कंपनीच्या दुसऱ्या हाताकडे पाहू. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमानुसार 500 कोटींचं नक्त मूल्य, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात; यालाच सीएसआर म्हणतात. कुठल्या कामावर, याच्या यादीत स्त्री-पुरुष समानता आणि महिला सक्षमीकरण ठळकपणे आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. कागदावर यात वावगं काही नाही. आता हेच खाणपट्ट्यातल्या गावात उतरवून पाहा. ज्या खाणीनं विहीर आटवली तिच्याच सीएसआरमधून टँकर येतो. ज्या खाणीची माती शेतात वाहून आली तिच्याच पैशातून महिलांसाठी शिवणाचा वर्ग चालतो. पैसा किती, कुणाला, कशासाठी, हे ठरवतं कंपनीचं संचालक मंडळ. शिवणवर्गाला जाणारी बाई उद्या ग्रामसभेत उभी राहून लीजच्या नकाशात आमची घरं का, असं विचारणार असेल, तर तिला आधी मशीन परत मागितलं जाईल का याचा विचार करावा लागतो. कुणी तिला धमकी दिलेली नसते. धमकीची गरजच पडत नाही.

नकाशाचा मुद्दा मी हवेतून काढलेला नाही. 2012 च्या सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी थांबल्या. 21 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं की 2007 च्या नोव्हेंबरनंतर या खाणपट्ट्यांची मुदतच संपली होती. 2018 च्या फेब्रुवारीत 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. त्यानंतर लिलाव आले आणि 2022 मध्ये डिचोलीचा पहिला ब्लॉक वेदांत कंपनीला मिळाला. त्या ब्लॉकच्या हद्दीत आपली घरं, देवळं, तळी आणि शेतं आली, ती आधी बाहेर काढा, अशी मुळगावच्या लोकांची मागणी आहे. माणसांनी आपलं घर खाणीच्या नकाशातून काढून घ्यावं म्हणून अर्ज-विनंत्या कराव्या लागाव्यात, ही गोष्टच मला अस्वस्थ करते. अशा गावात कंपनीच्या पैशानं महिला सक्षमीकरण होऊ शकत नाही. सक्षम झालेली बाई ज्याला पहिला प्रश्न विचारील, त्याच्याच खिशातून तिच्या सक्षमतेचे पैसे यावेत, हे जमणारं नाही. सीएसआरमधून शाळेला बाक द्या, दवाखान्याला यंत्र द्या, माझी हरकत नाही. पण त्याला स्त्रियांच्या चळवळीला मदत म्हणू नका.

मग बाहेरच्या देशातून पैसा आणावा का? ‘परदेशी पैसा’ हा आरोप आपल्याकडे इतक्या सहज होतो, जणू काही पोती भरून येतायत. वस्तुस्थिती वेगळी आहे. एफसीआरए हा परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा मुळात 1976 चा, आणीबाणीतला. 2010 मध्ये तो नव्यानं आला, 2020 च्या सप्टेंबरमध्ये त्यात दुरुस्ती झाली. दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, सगळा परदेशी पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेत उतरवणं सक्तीचं झालं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. या शेवटच्या तरतुदीनं लहान गटांची नाळच तोडली. दिल्ली-मुंबईच्या नोंदणीकृत संस्थेकडून पूर्वी गावातल्या दहा-वीस बायकांच्या गटाला थोडा निधी पोचायचा, तो रस्ता आता नाही. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती वैध ठरवली. त्याच न्यायालयानं 6 मार्च 2020 ला इन्साफ या संघटनेच्या खटल्यात दिलेला निकाल मात्र फारसा कुणी सांगत नाही. बंद, हरताळ, रास्ता रोको, जेलभरो असे मार्ग वापरणाऱ्या संघटनेला राजकीय ठरवून परदेशी निधी नाकारण्याचा नियम होता. पक्षीय राजकारणाशी संबंध न ठेवता लोकांच्या हक्कांसाठी असे मार्ग वापरणाऱ्या संघटनेला तो लागू करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे रस्ता अडवणारी बाई आपोआप राजकीय पक्षाची होत नाही, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं आहे. प्रवक्त्यांनी ते एकदा वाचावं.

गोव्यात या कायद्याला आणखी एक पदर आहे. आपली हजारो माणसं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, पोर्तुगालात गेली आहेत. भारतीय पासपोर्ट ठेवून आखातात नोकरी करणारा गोंयकार आपल्या बचतीतून बँकेमार्फत गावच्या गटाला पैसे पाठवू शकतो. कायदा त्याला परदेशी देणगी मानत नाही. त्याचाच भाऊ पोर्तुगीज नागरिक झाला असेल तर त्याचे शंभर रुपयेही परदेशी ठरतात. एकाच आईची दोन मुलं, एकाच विहिरीसाठी पैसे देऊ पाहणारी, आणि एकाचा पैसा चालतो तर दुसऱ्याच्या पैशानं गटावर खटला होऊ शकतो. गावातल्या बायकांना हे कुणी सांगत नाही. न कळत घेतलेल्या एका छोट्या रकमेवरून अख्खी चळवळ अडचणीत येऊ शकते, म्हणून मी हे इथे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

आणि परदेशात तरी स्त्रियांच्या चळवळींसाठी पैशाचा ढीग पडलाय का? अविड या आंतरराष्ट्रीय स्त्रीवादी संघटनेनं जगभरच्या सातशेहून अधिक स्त्री-संघटनांची पाहणी केली होती. 2010 साली त्यांचा मध्यम वार्षिक अर्थसंकल्प 20 हजार डॉलर होता, तेव्हाच्या दरानं साधारण नऊ लाख रुपये. म्हणजे निम्म्या संघटना याहूनही कमी पैशात वर्ष काढत होत्या. त्याच काळात मोठमोठ्या कंपन्या ‘मुलींमध्ये गुंतवणूक करा’ म्हणून जाहिराती करत होत्या. हा पैसा बाईला एकेकटी धरतो : तिला कर्ज, तिला प्रशिक्षण, तिला छोटा धंदा. चार बायका एकत्र येऊन मजुरीचा दर, जमिनीचा ताबा किंवा नदीचं पाणी मागायला लागल्या की तो पैसा बाजूला होतो. आपल्या गोवा सरकारची गृह आधार योजना गृहिणींना महिना 1,500 रुपये देते आणि ते अनेक घरांना लागतात. त्यावर मी टीका करणार नाही. पण तोही पैसा एकेकीच्या खात्यात जातो. एकत्र आलेल्या बायकांच्या खात्यात पैसा घालायला सरकार, कंपनी, मोठे दाते, कुणीच उत्सुक नाहीत, कारण एकत्र आलेल्या बायका प्रश्न विचारतात.

चळवळीतल्याच काही जुन्या माणसांचा यावर आक्षेप असतो, आणि मी तो हलक्यानं घेत नाही. पैसा आला की चळवळीची संस्था होते, संस्थेचं ऑफिस होतं, ऑफिसला अहवाल लागतो, आणि अहवालासाठी आंदोलन करावं लागतं. मथुरा या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यातल्या निकालानंतर 1980 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या बलात्कारविरोधी मंचानं, पुढे स्त्री अत्याचारविरोधी मंचानं, कुठल्या संस्थेचा निधी न घेता काम केलं. 1972 च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे लाटणी घेऊन निघालेल्या बायकांना कुणी अनुदान दिलं नव्हतं. हा वारसा मोठा आहे. पण तो सांगताना एक गोष्ट आपण विसरतो : मुंबईतल्या त्या कार्यकर्त्यांपैकी बऱ्याच जणी नोकरदार होत्या, प्राध्यापक होत्या, वकील होत्या. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी बैठकीला येणं त्यांना शक्य होतं. केप्याच्या कावरे-मायणात शेतावर राबणाऱ्या, वेळीप या आदिवासी समाजातल्या बाईला त्यागाचा तोच निकष लावणं मला अन्यायाचं वाटतं. निधी न घेण्याचा बाणा परवडायलाही आधी काहीतरी गाठीला लागतं. मोलेच्या अभयारण्याची गोष्ट पाहा. 2020 पासून रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध जी मोहीम झाली, तिच्यात तरुण मुलींनी केवढं काम केलं! शास्त्रज्ञ, चित्रकार, वकील, विद्यार्थिनी. प्रत्येकीनं आपलं कौशल्य फुकट दिलं. 9 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मला त्या मुलींचा अभिमान आहे. पण असं कौशल्य शहराच्या आसपास मिळतं. वास्कोच्या खारवीवाड्यावर कोळशाची काळी पूड रोज फरशीवरून पुसणाऱ्या बाईला आणि पिसुर्लेच्या शेतकरणीला ते विकत घ्यावं लागतं, किंवा कुणाच्या तरी मेहेरबानीवर थांबावं लागतं.

पैशानं चळवळ नासते हे खरं असेल, तर पैशाच्या अभावानं ती मरते हेही खरं आहे. प्रश्न पैसा कुणाचा आणि चावी कुणाकडे, एवढाच उरतो.

याची उत्तरं स्त्रियांनी आधीच शोधलेली आहेत. 1974 मध्ये अहमदाबादेत ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेतल्या चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. निम्म्याहून जास्त जणींना सही येत नसेल, तरी मालकी त्यांची होती. नेपाळात रीटा थापा यांनी 1990 च्या दशकात ‘तेवा’ सुरू केली, तीही मुख्यतः नेपाळी लोकांच्याच छोट्या देणग्यांतून स्त्रियांच्या गटांना निधी द्यायचा, या हट्टानं. आणि आपल्या गोव्याच्या प्रेमा पुरव. मुक्तिलढ्यात उतरलेली ही बाई मुंबईत गेली, गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात कशा बुडाल्यात ते तिनं पाहिलं, आणि 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. सावकाराचा हात सुटला तेव्हा त्या बायका मोर्चात, सभेत मोकळेपणानं दिसू लागल्या. मला या गोष्टीतलं हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जिच्या डोक्यावर कर्ज आहे ती कुणाविरुद्ध उभी राहू शकत नाही.

खाणपट्ट्यात हे रोज दिसतं. खाण बंद झाल्यावर ट्रक, मशिनरी आणि बार्जच्या मालकांसाठी सरकारनं कर्जसवलतीची योजना आणली. आणायला हवीच होती. घरं खरोखर बुडत होती. पण ट्रक पुरुषाच्या नावावर होता आणि मातीखाली गेलेलं भाताचं शेत बाई कसत होती. शेताच्या भरपाईसाठी तिनं किती खेटे घातले? ट्रकवाल्यांच्या वाटेवर चहा-भजीचा गाडा चालवणारी बाई तर कुठल्याच यादीत नव्हती. ती खाण सुरू व्हावी म्हणते तेव्हा तिच्यावर रागावण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिला दुसरा कुठला आधार आपण दिला? स्त्रियांच्या चळवळीचा निधी असेल तर तो तिच्यासाठीही असला पाहिजे, ती आज आपल्या बाजूनं बोलत नसली तरी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या त्या निकालानं खनिजाच्या विक्रीच्या किमतीतले 10 टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले, 2015 च्या कायद्यानं खाणग्रस्तांसाठी निधी ठेवणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, त्याच्या नियमांत महिला-बालकल्याण हा प्राधान्याचा विषय आहे. हा आमच्या जमिनीखालून निघालेल्या मालाचा पैसा आहे. तो उपकार म्हणून वाटला जाऊ नये; कुठे खर्चायचा ते ठरवणाऱ्या बैठकीत खाणग्रस्त गावच्या बायका हक्कानं बसल्या पाहिजेत. पण तो सरकारी पैसा आहे, त्यातून सरकारविरुद्धचा जामीन भरला जाणार नाही. त्यासाठी दुसरी पिशवी लागेल.

ती आपल्यालाच भरायची आहे. गोमंतकीयांना वर्गणी शिकवायची गरज नाही. पोर्तुगीज राजवटीत गावोगावच्या मराठी शाळा लोकांच्या वर्गणीवर चालल्या, शिक्षकाचा पगार गावानं काढला, सरकारचा रोष पत्करून काढला. आजही देवळाच्या जीर्णोद्धाराला, जत्रेतल्या नाटकाला, शिगम्याच्या चित्ररथाला पैसा कमी पडत नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास आहे. त्यातल्या पाच हजार माणसांनी, म्हणजे दर तीनशेत एकानं, महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाचे साठ लाख होतात. स्वतःच्या पगारावर उभ्या असलेल्या आमच्यासारख्या बायका गोव्यात पाच हजारांहून कितीतरी जास्त आहेत. आपण मेळावलीचा व्हिडिओ पाहून रडलो, तो पुढे पाठवला आणि मग कामाला लागलो. त्या बायकांना मात्र दुसऱ्या दिवशीही तिथेच बसावं लागलं.

असा निधी कसा असावा याबद्दल माझी मतं पक्की आहेत. कंपनी, बिल्डर, कॅसिनो आणि राजकीय पक्ष यांचा एक रुपयाही घ्यायचा नाही. एका माणसाकडून वर्षाला ठरावीक रकमेहून जास्त घ्यायचं नाही, म्हणजे कुणी एक जण मालक होणार नाही. फक्त भारतीय नागरिकांचा पैसा घ्यायचा आणि प्रत्येक पावतीवर ते लिहून घ्यायचं. जमाखर्च दर तीन महिन्यांनी छापायचा, कोंकणी-मराठीत, कुणीही तपासावा असा. ‘पैसे कोण देतं’ विचारणाऱ्यालाही एक प्रत पोचवायची. निर्णय घेणाऱ्या समितीत सत्तरी, डिचोली, सांगे, केपे, मुरगाव आणि पेडण्याच्या गावांतल्या बायका बहुसंख्य असाव्यात. पणजी-मडगावच्या शिकलेल्या बायकांनी वकिली, हिशेब, भाषांतर अशी कामं करावीत. मतांची गणती मात्र गावच्या बाजूनं असावी. मी हे स्वतःच्या वर्गाविरुद्ध बोलते आहे आणि विचार करून बोलते आहे.

पैसा द्यायच्या अटींवर तर माझा सर्वांत जास्त जोर आहे. अटक झाली तर जामिनाचे पैसे त्याच दिवशी मिळाले पाहिजेत, अर्ज नंतर. तारखेला जाणाऱ्या बाईला त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे, आणि ती देताना कुणी तिला ‘मग तू पैशासाठी आलीस’ म्हणू नये. आमदाराला सभागृहात बसण्याचा भत्ता मिळतो तेव्हा आपण असं म्हणत नाही. बैठकीच्या वेळी मुलं सांभाळणाऱ्या आजीला पैसे मिळावेत. लाठी लागलेल्या बाईच्या गुडघ्याचा उपचार दोन वर्षं चालला तर दोन वर्षं खर्च मिळावा. गटानं जिंकून दाखवलंच पाहिजे अशी अट नसावी. जी लढाई वीस वर्षं चालणार आहे तिचा निकाल मार्चअखेरपर्यंत मागणारे दाते आपल्याला नकोत.

एक गोष्ट बायकांनी गावातल्या पुरुषांकडूनही मागून घ्यायला हवी. रस्त्यावर पुढे बायका, कारण पोलीस बाईला हात लावताना बिचकतील असा हिशेब. आणि मंत्र्याबरोबरच्या चर्चेला, वकिलाकडे, बँकेत मात्र पुरुष. असं मी एकाहून अधिक गावांत पाहिलं आहे. लाठी जिच्या अंगावर पडते तिला पासबुक दिसलं पाहिजे. गावच्या आंदोलनाचं खातं उघडताना दोन सह्यांपैकी एक सही तिथल्या बाईची असेल तरच निधीतून पैसे जातील, एवढा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा. दुसरी सही कुणाची ते गावानं ठरवावं.